मान वळवून केलेली सेवा

सलूनवाल्याची नजर मोठी बारीक. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की मानेवरची पुळीसुद्धा त्याच्या डोळ्यांतून सुटायची नाही. दुकानामागच्या खोलीत त्याची आई अंथरुणाला खिळलेली. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचं सगळं तोच करायचा. घरात होतेच दोघं. डायपर बदलताना मात्र तो मान वळवून भिंतीकडे बघायचा. आईची लाज राखायला नको का? हाताच्या अंदाजानं पुसायचा, भरपूर पावडर थापायचा, नवा डायपर बांधून मोकळा व्हायचा.

एका सकाळी तो चहा घेऊन आत गेला, तर आईनं त्याला परक्यासारखं निरखलं.

"तुम्ही कोण? माझा मुलगा येईल इतक्यात. बाहेर थांबा."

थट्टा असणार, असं त्याला वाटलं. त्याच्या टकलावरून रोज कोट्या करणारी बाई ती. "अगं आई, मीच," तो हसत म्हणाला. तिनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. आई आपल्याला घाबरलीय, हे कळलं तेव्हा त्यानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

डॉक्टरीणबाई नर्सला घेऊन आल्या. आईचं अंग तापलं होतं. "लघवीत जंतुसंसर्ग झालेला दिसतोय," बाई म्हणाल्या. "या वयात त्यानं माणूस असं भांबावतं."

नर्सनं आईला कुशीवर वळवून डायपर सोडला. सलूनवाला सवयीनं वळला.

"भिंतीवर काय आहे? इकडे बघा," नर्स म्हणाली.

त्यानं बघितलं. जांघेतली कातडी सोलवटून लालभडक झाली होती. घड्यांत ओल्या पावडरीचे गोळे साचले होते. माकडहाडापाशी काळपट चट्टा पडला होता.

"मी रोज बदलतो हो," तो पुटपुटला.

"कितीदा?"

"सकाळी आणि झोपताना. तशी ती पाणी कमीच पिते."

मुलाला पुन्हा पुन्हा डायपर बदलायचा त्रास नको म्हणून आई भरलेला पेला तसाच परत करते, हे त्याला ठाऊक होतं. त्यात त्याला तिचा समजूतदारपणा दिसला होता.

नर्सनं त्याच्याच हातांनी सगळं करवून घेतलं. कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं, पुसायचं नेहमी पुढून मागे, न घासता. मग टिपून कोरडं करायचं आणि मलमाचा पातळ हात फिरवायचा. पावडर बंद. ओलं झालं की लगेच बदलायचं, कूस पालटत राहायची, पाणी थोडं थोडं पण दिवसभर पाजायचं.

औषध लागू पडलं, ताप उतरला, आई भानावर आली.

"आग व्हायची, तर बोलली का नाहीस?" त्यानं विचारलं.

"तू तिकडे तोंड करून बसायचास. वाटलं, तुला किळस येते. कशाला आणखी सांगायचं?"

किळस? त्याच्या मनातही कधी आलं नव्हतं.

चट्ट्याची जखम भरायला फार दिवस लागले. अजूनही तिला कुशीवर वळवताना त्याची मान सवयीनं भिंतीकडे वळू लागते. पण तो आधी नीट बघतो, काय दिसलं ते तिला सांगतो, आणि मगच फडकं पिळतो.