मास्तर, आमच्या पोराला फुटबॉल नको

मी सत्तावीस वर्षं पी.टी. मास्तर होतो, त्यातली वीस मुळगावच्या बाजूच्या एका हायस्कुलात. दर पावसाळ्यात कुणाचा तरी हात नाहीतर पाय मोडायचा, आणि प्लास्टर निघेपर्यंत त्याचा किस्सा झालेला असायचा. हे किस्से मी मुद्दाम जमवले नाहीत, पालकांनीच आणून दिले. सगळ्यांचं म्हणणं एकच : एवढ्या कोवळ्या पोरांना हा खेळ खेळू द्यावा का?

*

पहिल्याच वर्षी आठवीतल्या अनंताचं मनगट मोडलं. वडील दोडामार्गकडचे, खनिजाचा ट्रक चालवायचे. अंगावरच्या लाल धुळीसकट थेट स्टाफरूममध्ये आले. "धा वर्सां मायनिंगच्या रस्त्यार ट्रक चलयतंय, माका साधा खरचाटला नाय. आणि माझो झील शाळेत येवन हात मोडून घेता?"

मी त्यांना मैदानावर नेलं. सगळीकडे जांभ्या चिऱ्याचे टोकदार खडे. ते अर्ध्यापर्यंत चालले आणि थांबले. "हेच्यार तुमी पोरांका धावडयतात?"

रविवारी ते ट्रकभर माती घेऊन आले. पसरायला अनंताही होता, एका हाताने.

*

आमचे गोलपोस्ट लोखंडी, जमिनीवर नुसते ठेवलेले. कुणी लोंबकळलं की कलंडायचे. खांब पुरून घ्या म्हणून मी हेडमास्तरांना चार अर्ज दिले. शेवटी ते स्वतः बघायला आले, खांबाला टेकले, "भक्कम तर आहे" म्हणाले आणि खांबासकट मागे गेले. नशीब, कोपरावरच निभावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी हजर. पाचवा अर्ज लिहावा लागला नाही.

*

पेडण्याला सेमीफायनल होती. आमचा सेंटर फॉरवर्ड उमेश हेडर मारताना दुसऱ्याच्या डोक्यावर आदळला. उठला, हसला, खेळतो म्हणाला. मी विचारलं, आपण आता कुठे आहोत? तो म्हणाला, "घरी."

मी त्याला बाहेर बसवलं. कॅप्टन धावत आला. "सर, उमेश नसला तर हरणार आपण."

"हरू," मी म्हटलं.

हरलो. परतीच्या बसमध्ये डिचोलीपर्यंत सगळी टीम मागच्या बाकांवर, मी एकटा पुढे. डॉक्टरांनी उमेशला दोन दिवस ठेवून घेतलं, मग तो बरा झाला. त्याला ती मॅच अजून आठवत नाही. कॅप्टनला मिनिटामिनिटाने आठवते.

*

त्यानंतरच्या पालकसभेत फुटबॉल बंद करायचा ठराव आला. मी माझं सांगितलं. डोक्याला लागलं की पोरगं बाहेर. नडगीवर शिन गार्ड बांधल्याशिवाय मैदानात पाय नाही. मी नसेन त्या दिवशी बॉल कपाटात. एवढं पाळता आलं नाही तर मीच खेळ बंद करीन.

मग मागच्या बाकावरच्या एका आईने विचारलं, शाळेत बंद केलं तर पोरं खेळणार कुठे? सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं. फाटकासमोरून खनिजाचे ट्रक एकामागून एक चालले होते. ठराव मागे घेतला गेला.

*

शेवटच्या सात वर्षांसाठी माझी बदली इब्रामपूरच्या बाजूला झाली. तिथे मी मुलींची टीम काढली. नववीतली सुलभा सगळ्यांत वेगवान. तिची आई शेतात राबणारी. टीममधून मुलीचं नाव कमी करा म्हणून ती तीनदा शाळेत येऊन गेली, आणि तिन्ही वेळा सुलभाने ते पुन्हा लिहायला लावलं.

दुसऱ्याच मॅचला सुलभाचा खांदा निखळला. म्हापशाच्या हॉस्पिटलात आई आली तेव्हा मी दारातच उभा होतो. जे काही बोलेल ते ऐकून घ्यायचं ठरवलं होतं. ती थेट आत गेली. झोपलेल्या मुलीकडे बघितलं, डॉक्टरांचं ऐकलं. दोन महिने खेळ नाही, यावर मान हलवली.

मग वाकून तिने खाटेखालचे मुलीचे बूट काढले आणि बाहेरच्या नळावर नेले. केसांतली पिन काढून तळाच्या खाचांतला चिखल एकेक करून उकरला. बूट धुतले, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि खिडकीत उन्हाला ठेवले.

"मास्तरांनु," ती म्हणाली, "नीट सुकल्याशिवाय हे पिशयेत भरू नकात. आकसतत."