अकरा पालथे पेले

तुम्ही कधी मेलेल्या माणसाला चहा पाजला आहे? मी पाजला आहे. एकाच सकाळी नऊ जणांना, धुळ्यातल्या देवपूरच्या माझ्या घरात, आणि त्यातल्या दोघांनी बिनसाखरेचा मागितला. हसू नका. तीस वर्षांच्या पत्रकारितेतली माझी ही सगळ्यात मोठी फजिती. ती मी स्वतःच सांगतो, कारण माझे सहकारी सांगतात तेव्हा मेलेल्यांचा आकडा वाढवतात.

शिरपूरहून परतताना एका गावात थांबलो होतो. गावाचं नाव सांगणार नाही, मला तिथे अजून जायचं असतं. त्या गावात देशी दारूचं एक सरकारमान्य दुकान आहे. दोन पिढ्या एकाच घराकडे. वडिलांनी सुरू केलं, त्यांना सगळे आबा म्हणत. मग मुलानं चालवलं. तो गेल्यावर सून चालवते. तिला गाव अक्का म्हणतं. साठीची बाई, डोक्यावर पदर, आणि आवाज असा की पिणारा माणूस बाकावर आपोआप ताठ बसतो.

आता दारू म्हटली की माझी लेखणी शिवशिवते. मी घेत नाही असं नाही. पण घेणाऱ्यानं विरोधात लिहू नये असा काही कायदा आहे का?

आत गेलो. भिंतीला लांब फळी, फळीवर स्टीलचे पेले, आणि प्रत्येक पेल्यावर नाव कोरलेलं, आपल्या लग्नातल्या भांड्यांवर असतं तसं. नेहमीच्या गिऱ्हाइकाला त्याचा स्वतःचा पेला. बाकी सगळे सुलटे, पण एका टोकाला अकरा पेले पालथे. बरोबर त्यांच्यावर आबांचा हार घातलेला फोटो आणि खाली उदबत्ती.

बाकावरच्या एका म्हाताऱ्याला हळूच विचारलं, "बाबा, हे पालथे कोणाचे?"

त्यानं मोठा उसासा टाकला. "त्या आते येतस नही, भाऊ. चांगला माणसे व्हतात. त्यास्ना बिगर मजा नही." आणि उपरण्यानं डोळे पुसले. खरोखर पुसले.

काउंटरवर अक्का होती. विचारलं, "शेवटचा कोणाचा?"

"नामदेव नानांचा. आखाजीच्या सणाला पालथा केला. त्यांच्या बायकोनं स्वतःच्या हातानं केला."

"बायकोनं?"

"मग कोण करणार? आमच्याकडे तीच रीत आहे. आबांपासून."

मी पेन काढलं. "या बायका तुम्हाला काही म्हणत नाहीत?"

"म्हणतात की. पेढे देऊन जातात."

हातातून पेन पडायचंच बाकी होतं. ज्या गावात नवरा गेल्यावर बाई पेढे वाटते, त्या गावात दारूनं काय केलं असेल? मी अकराच्या अकरा नावं उतरवून घेतली, फळीचा फोटो काढला आणि तडक धुळ्याला आलो. हाताखालच्या पोरांना मी कायम बजावतो की दोन ठिकाणी खातरजमा केल्याशिवाय ओळ लिहायची नाही. मी केली होती. एक म्हातारा, एक अक्का.

पहिल्या पानावर चार कॉलम आले. मथळा, 'अकरा पालथे पेले'. खाली काळ्या चौकटीत अकरा नावं. शेवटी एक ओळ होती, ती मला फार आवडली होती: 'या गावात वैधव्यही गोड मानून घेतले जाते.' संपादक म्हणाले, हात शाबूत आहे अजून. मी म्हणालो, हात नाही, काळीज.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करत होतो. दारात टेम्पो थांबला. बायकोनं दार उघडलं, बाहेर पाहिलं, आत येऊन शांतपणे म्हणाली, "अहो, तुमची चौकट आली आहे."

नऊ जण होते. दोघांची त्या दिवशी केळीला पाण्याची पाळी होती म्हणून येऊ शकले नव्हते. त्यांनी निरोप पाठवला होता की आम्हीही नाराज आहोत.

पुढे नामदेव नाना. हातात घडी घातलेला पेपर. "भाऊ, मी जित्ता शे ना."

"हो, दिसतंय."

"दिसतंय म्हने. मना सालानी सुरतमा मना नावनी आंघोळ करी टाकी. गाडीमा बसी गया तो. आते त्याले काय सांगू?" म्हणजे सुरतच्या मेव्हण्यानं सुतकाची आंघोळ उरकून इकडची गाडीही धरली होती.

मागून एकजण म्हणाला, "सांगा, परत जा, नाना पुढच्या वेळेला कळवतील." सगळे हसले. मी सोडून.

मग हळूहळू उलगडा झाला. हे अकरा जण दारूनं मेले नव्हते. त्यांनी दारू सोडली होती. बाकावरचा तो म्हातारा रडत होता तो जोडीदार मेले म्हणून नाही, तर पिण्याचे जोडीदार गेले म्हणून. आणि पेढे वाटत होत्या त्या बायका विधवा नव्हत्या. त्यांचे नवरे घरी जेवायला यायला लागले होते.

सगळ्यात शेवटी अक्का आत आली. बसली नाही.

"दुकान बंद ठेवलंय कालपासून," ती म्हणाली. "तपासणीला साहेब येऊन गेले. लायसन जायचं असेल तर जाऊ दे, त्याचं काही नाही. पण सासरे काय सांगायचे माहीत आहे? त्यांचा सख्खा भाऊ रोज दुकानात बसायचा. एक दिवस त्याची बायको आत आली, भर गिऱ्हाइकात. त्याचा पेला फळीवरून काढला आणि पालथा आपटला. आबा मालक, पण त्यांची तो पेला सुलटा करायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून रीत पडली. बाईनं पालथा केला की तिच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. आखाजीला एखादी म्हणते, आजच्या दिवस असू दे सुलटा. दुसऱ्या दिवशी येऊन परत पालथा करून जाते. दोन पिढ्या आम्ही दारू विकली, पण पालथ्या पेल्यात थेंब ओतला नाही. आणि तुम्ही छापलं, यांच्या पेल्यानं माणसं मेली."

एवढं बोलून तिचा आवाज पहिल्यांदाच बसला. मंत्र्यांनी दम दिला तेव्हा मी मागे सरकलो नव्हतो. त्या बाईसमोर माझ्या गालावरचा साबण वाळला.

"काय करू, सांगा," मी म्हणालो.

"जेवढ्या जागेत मारलं, तेवढ्याच जागेत जिवंत करा."

बायकोनं सगळ्यांना चहा केला. अक्काला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. दोघी अर्धा तास आत होत्या, मधूनमधून हसण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, चला, वातावरण निवळतंय.

मी पुन्हा गावात गेलो. अकराही घरं फिरलो. प्रत्येक बाईला विचारलं, पेला कधी पालथा केला, का केला. मग लिहिलं. पुन्हा पहिलं पान, चार कॉलम, तीच अकरा नावं, फक्त चौकट काळी नव्हती. संपादकांनी विचारलं, "या वेळी जिवंत असल्याची खात्री केलीस ना?" मी सांगितलं, अकराही जणांना हात लावून पाहिलं आहे. दुकान उघडलं. साहेब पुन्हा आले, या वेळी फळी बघायला.

खान्देशात पिढ्यान्‌पिढ्या काय काय जपलं आहे, हे शहरातल्या शहाण्यांना सांगत बसायचा मला कंटाळा आहे. पण एवढं ठणकावून सांगतो. दारूच्या दुकानात घरच्या बाईचा शब्द चालतो, असं गाव मला दाखवा. हे आमच्या धुळे जिल्ह्यात आहे, आणि त्यावर पहिल्या पानावर दोनदा लिहिणारा पत्रकारही मी एकटाच आहे. दोनदा का, ते विचारू नका.

महिन्याभरानं अक्कानं मुद्दाम बोलावलं. गेलो तर तिनं फळीकडे बोट केलं. नवाकोरा स्टीलचा पेला, त्यावर सुबक अक्षरांत माझं नाव आणि खाली 'देवपूर'. तीस वर्षांत शाली मिळाल्या, नारळ मिळाले, असा मान कुठे मिळाला नव्हता. डोळे भरून आले. जवळ जाऊन पाहिलं तर पेला अकरा पेल्यांच्या ओळीत होता. पालथा.

"अक्का, यात तर अजून एक थेंबही पडलेला नाही."

"तुमच्या घरून निरोप आहे," अक्का म्हणाली. "त्या दिवशीच, चहा करताना."

बाकावरच्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहून मोठा उसासा टाकला आणि उपरण्यानं डोळे पुसले.