कुंपण तपासण्याची वही

आमच्या घरी कुत्री आली तेव्हा मी माध्यमिक शाळेत भूमिती शिकवत होतो. कोल्हापूरच्या कडेला नव्याने वसलेल्या एका वसाहतीत आम्ही तिघे राहत होतो: मी, पत्नी आणि आमची नऊ वर्षांची मुलगी. नव्वदच्या दशकाची मधली वर्षे होती. शेजारच्या बांधकामावरील वाळूच्या ढिगातून मुलीने ते पिल्लू उचलून आणले. रंग तांबूस, एक कान उभा, दुसरा पडलेला. तिचे नाव मी इथे लिहीत नाही. ते हाक मारण्यासाठी ठेवले होते, आणि आता हाक मारायची नाही.

ती मोठी झाली तशी दाराजवळच्या कडीला साखळी आली. साखळी सहा फुटांची. सहा फुटांच्या साखळीला बांधलेल्या प्राण्याला सहा फूट त्रिज्येचे वर्तुळ मिळते. मागे घराची भिंत असल्यामुळे आमच्या कुत्रीला त्याचे अर्धेच मिळाले. त्या अर्धवर्तुळाच्या परिघावर ती दिवसभर पळत असे. तेवढ्या कमानीवरचे गवत मेले आणि तिथे एक गुळगुळीत वाट पडली. फळ्यावर कंपासने काढावी तशी ती रेषा होती. मी ती अनेक दिवस नुसती पाहिली.

ती भुंकतही असे. समोरचे शेजारी एके सकाळी फाटकावर येऊन म्हणाले, "सर, कुत्रं पाळलंय का भोंगा बसवलाय? आमच्या म्हातारीला वाटतंय रोजच इलेक्शन हाय."

पत्नी न्यायी स्वभावाची. ती मला म्हणाली, "अहो, चूक तिची नाही. जनावर पळायला जन्मलंय. दिवाळीपर्यंत तिची काही सोय लावा, नाहीतर दादाकडे मलकापूरला पाठवू. तिथं रान आहे."

रान होते, आणि त्या रानात बिबट्याही होता. मामाच्या पडवीतून त्याने दोन कुत्री उचलल्याची गोष्ट मामानेच मुलीला रंगवून सांगितली होती. त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी मी दाढी करत असताना आरशात माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"बाबा, मामाकडं नको. तुम्ही तिला पळायला जागा शोधून द्या. चारी बाजूंनी बंद. द्याल?"

"देईन," मी म्हणालो. वर्गात मी ज्या आवाजात उत्तर सांगतो, त्याच आवाजात.

मग मी शंभर पानी वही घेतली आणि रकाने आखले. कुंपणाची उंची, खालची फट, फाटक, पाणी, सावली, इतर कुत्री. या शोधातून एक गोष्ट मी शिकलो, ती सांगून ठेवतो: कुंपणाच्या उंचीपेक्षा खालची फट महत्त्वाची. जिथून मूठ जाते तिथून तोंड जाते, तोंड गेले की डोके जाते, आणि डोके गेले की उरलेले कुत्रे आपोआप जाते. माणूस कुंपण तपासतो ते स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवरून. ते गुडघ्यांवर बसून तपासावे लागते.

आमच्या शाळेचे मैदान पहिले पाहिले. तीन बाजूंना भिंत होती. चौथी एका पावसाळ्यात पडली होती आणि तिथून आता लोकांची पायवाट जात होती. भूमितीत याला बंदिस्त आकृती म्हणत नाहीत. मग एका तालमीचे आवार पाहिले. भिंती उत्तम, फाटक भक्कम. मी येण्याचे कारण सांगताच अंगाला माती लागलेला एक पैलवान कानाला हात लावून म्हणाला, "न्हाय ओ गुरुजी. ह्या मातीत कुत्रं मुतलं तर वस्ताद त्याला काय म्हणायचा न्हाय, आमाला सपाट्या मारायला लावंल." वसाहतीच्या मागे एका शेतकऱ्याचे तारेचे कुंपण घातलेले रिकामे रान होते. त्याने मला नीट निरखून पाहिले. "पावणं, हितं आमच्या पोरास्नी खेळायला जागा न्हाय, आन तुमी कुत्र्याला ग्राउंड बघत फिरताय व्हय?" तो हसला, मीही हसलो, आणि वहीत फुली मारली. अशा अकरा फुल्या झाल्या.

बारावी जागा एका माजी विद्यार्थिनीच्या वडिलांमुळे मिळाली. शाहूपुरीत त्यांचा गुळाचा व्यापार होता. गगनबावड्याच्या रस्त्याला त्यांचे एक बंद पडलेले गुऱ्हाळ होते. मी पेढीवर जाऊन सगळे सांगितले. ते हसले नाहीत. कपाळावरचे भस्म पुसणार नाही अशा बेताने त्यांनी टोपी सारखी केली आणि खणातून किल्ली काढली.

"न्या की सर. नुसतं पडूनच हाय ते. माझ्या लेकीला गणितात पास केलंसा तुमी, कुत्र्याला काय न्हाय म्हणतोय."

अर्ध्या एकराचे आवार होते. समोर भिंत आणि लोखंडी फाटक, दोन बाजूंना दगडी गडगे, मागे काटेरी तार आणि तिला लगटून वाढलेली घायपात. मध्ये काहील ठेवण्याचे चुलवण, गवताने भरलेले. मागच्या तारेपलीकडे दुसऱ्याचा ऊस होता, माझ्या डोक्याच्या वर गेलेला, आणि उसाच्या कडेने एक गाडीवाट हमरस्त्याला मिळत होती. मी गुडघ्यांवर बसून संपूर्ण परिमिती तपासली. चार फटी सापडल्या. तीन मी दगडांनी बुजवल्या. मागच्या कोपऱ्यातली चौथी रुंद होती, जवळजवळ दोन माणसे हात पसरून उभी राहतील एवढी, पण तिथे कोणीतरी बाभळीच्या काट्यांची दाट कुपाटी आधीच लावलेली होती. मी ती हलवून पाहिली. हलली नाही. 'पक्की', असे वहीत लिहिले.

पहिल्या रविवारी आम्ही तिला आत नेले, मुलीने फाटकाला कडी घातली आणि मी साखळी सोडली. कुत्री पळाली. सहा फूट गेली, वळली, अर्धे वर्तुळ पूर्ण करून परत आली. पुन्हा तेवढेच. साखळी माझ्या हातात होती आणि ती मात्र साखळीच्या टोकाशी पळत होती. मी आयुष्यात पुष्कळ अर्धवर्तुळे काढली आहेत. त्यानंतर एकही सहज काढता आलेले नाही. शेवटी मुलगी स्वतः ओरडत गवतातून धावत सुटली. कुत्री थबकली, पडलेला कानही उभा केला, आणि त्या रेषेपलीकडे गेली. मग दीड तास थांबलीच नाही.

दिवाळी आली. मलकापूरचे नाव घरात पुन्हा निघाले नाही. वचन पाळल्याचे समाधान मला होते, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

त्या महिन्यांत मी तिला शिस्तही लावली. उजवा हात उंच, तळवा पुढे, आणि शब्द 'बैस'. बैस म्हटले की जिथे असेल तिथे बसायचे. 'ऊठ' म्हटल्याशिवाय उठायचे नाही. ऊठ म्हटले की शाबासकी आणि माझ्या सदऱ्याच्या खिशातला भाकरीचा तुकडा. मी पंचवीस वर्षे शिकवले. एवढ्या लवकर धडा शिकलेला दुसरा विद्यार्थी मला आठवत नाही. मुलीने सांगितले तर मात्र ती ऐकेलच असे नसे. मुलीशी ती खेळत होती. मला ती मानत होती.

कुंपण मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तपासत असे. तो रविवार तिसरा होता.

मागच्या रानातला ऊस तुटायला लागला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा अर्धे रान मोकळे झाले होते आणि एक ट्रॅक्टर टेपवर मोठ्याने गाणी लावून ट्रॉली भरायला उभा होता. मुलगी फाटकाची कडी घालत होती. ते तिचे ठरलेले काम. मी साखळी सोडली. कुत्री मागच्या कोपऱ्याकडे गेली आणि घायपातीआड दिसेनाशी झाली. मी मागोमाग गेलो. कुपाटी तिथे नव्हती. काट्यांचा ढीग बाजूला पडला होता, आणि माझी कुत्री पलीकडच्या गाडीवाटेवर उभी राहून हमरस्त्याकडे पाहत होती. रस्त्यावरून एस. टी. जात होती. मला फक्त रस्ता दिसला. मी हात उंच केला, तळवा पुढे केला, आणि जीव तोडून ओरडलो, "बैस!"

टेपच्या आवाजात फाटकाजवळच्या मुलीला ते ऐकू आले नाही. कुत्रीला आले, किंवा तिला हात दिसला. तिने वळून माझ्याकडे पाहिले आणि ती बसली. ताठ, शिकवले होते तशी.

ट्रॉली उलटी, तिच्याच दिशेने मागे येत होती.

मी हात खाली घेतला की नाही, ते मला आठवत नाही. 'ऊठ' म्हटले नाही, हे आठवते. तो शब्द तोंडातच आला नाही. तिने ट्रॉलीचा आवाज ऐकला होता, कारण तिचा कान तिकडे वळला होता. पण नजर माझ्यावर होती.

ट्रॅक्टरवाला उतरून धावत आला. बीडकडच्या ऊसतोड टोळीतला कोणी नव्हे, इथलाच माणूस होता. घाबरला होता. "मला दिसलंच न्हाय ओ पावणं, देवाशपथ. पन पळायचं की त्येनं. कुत्री पळत्यातच की. ह्ये का पळालं न्हाय?"

मुलगी तोवर माझ्या मागे आली होती. तिने तेवढेच ऐकले. मग माझ्याकडे वळून तोच प्रश्न तिने विचारला. "बाबा, ती का पळाली नाही?"

मी म्हणालो, "मी हाक मारली. तिने ऐकलं नाही."

चुलवणाजवळ आम्ही तिला पुरले. ट्रॅक्टरवाल्याने खड्डा काढला. घरी पत्नीने माझा सदरा धुवायला घेतला तेव्हा खिशात भाकरीचा तुकडा निघाला. तिने तो परसातल्या भिंतीवर ठेवला. कावळ्याने नेला असावा.

किल्ली परत द्यायला गेलो तेव्हा व्यापारी कितीतरी वेळ मान हलवत राहिले. "ऊस तुटाय लागला की मागच्या रानातल्या गाड्या वळवाय तिथनंच जागा देतोय आमी, सर. माझ्या वडलांपासनं. त्या वाटंवर गाडी वळवाय दुसरी जागाच न्हाय. दरसाल कुपाटी काढायची आन हंगाम झाला की लावायची. तुमाला कुणी सांगितलं न्हाय व्हय?" कोणी सांगितले नव्हते, कारण ज्याला माहीत नाही असा माणूस त्या रस्त्यावर राहतच नव्हता. दोन माणसे हात पसरतील एवढी फट म्हणजे एका गाडीची रुंदी, हे मला मोजताना कळायला हवे होते. मी रुंदी लिहिली होती. ती कशासाठी आहे, हे विचारले नव्हते.

ही चूक मी कोणालाही सांगू शकलो. दुसरी सांगू शकलो नाही.

कारण माझे ते एक वाक्य घरात राहायला आले. मुलगी आधी रडून म्हणे, "ऐकलं असतं तर वाचली असती." मग रागाने. मग मोठी झाल्यावर, दुःख निवल्यावर, हसूनसुद्धा: "आमची कुत्री ना, फार हट्टी. कुणाचं म्हणून ऐकायची नाही." पाहुण्यांना ती असे सांगे आणि मी तिथेच वर्तमानपत्र वाचत बसलेला असे. शाळेत एका मुलाच्या गुणांची चुकून बेरीज कमी झाली, तर मी रविवारी त्याच्या घरी जाऊन ती दुरुस्त केली आहे. ही बेरीज मी सतरा वर्षे तशीच ठेवली.

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, लग्न होऊन तिथल्याच एका उपनगरात राहू लागली. एक दिवस तिचा फोन आला. त्यांनी कुत्रा पाळला होता, आणि घरापासून जवळ एका मोठ्या वसाहतीने कुत्र्यांसाठी जाळीचे मैदान केले होते. "बाबा, सोडायच्या आधी तुम्ही येऊन बघा. वही घेऊन या." तिचा आवाज आनंदी होता. मी गेलो.

जाळी उत्तम होती. खाली सिमेंटचा पट्टा, दुहेरी फाटक, पाण्याची टाकी. मी गुडघ्यांवर बसून अर्धी परिमिती तपासली आणि उठताना धाप लागली. मुलीने मला बाकाकडे नेले. मग कुत्र्याकडे वळून ती कौतुकाने म्हणाली, "हा ऐकतो बरं का बाबा. तिच्यासारखा नाही."

तेव्हा मी सांगितले. क्रमाने सांगितले: कुपाटी, रस्ता, हात, शब्द. तिचे वळून पाहणे. तिचे बसणे.

 कुत्र्याची दोरी मुलीने हाताला गुंडाळून घेतली, सैल केली, पुन्हा गुंडाळली.

"तिनं तुमच्याकडं बघितलं होतं?"

"हो."

"आणि मी इतकी वर्षं तिलाच बोलत आले. सगळ्यांपुढं. तुम्ही ऐकत होतात."

"हो."

तिने माझ्या मांडीवरची वही उचलली. "तुम्ही बसा इथं," ती म्हणाली, आणि राहिलेले कुंपण तपासायला कुत्र्याला घेऊन एकटीच निघाली. पलीकडच्या कोपऱ्यात ती खाली बसून जाळीच्या तळाशी हात फिरवताना दिसली. तिथून ती पुढे सरकेना. तिचे खांदे हलत होते. मला उठून तिच्याकडे जावेसे वाटले.

मी बसून राहिलो.