बापूंचा तिसरा आवाज

"चहाऽऽ आणा!"

माझ्या क्लिनिकमध्ये फोन असा काही गरजला की बाहेर बाकावर बसलेले पेशंट उठून उभे राहिले. एका आजींनी दारातून आत डोकावून विचारलं, "कुनाची भांडनं लागली?"

फोन बापूंचा होता. आवाजही बापूंचाच होता. बापू मात्र माझ्यासमोर खुर्चीत तोंड मिटून बसले होते.

मी स्पीच थेरपिस्ट. सांगलीत विश्रामबागला माझं क्लिनिक आहे. उशिरा बोलायला लागलेली मुलं, तोतरे बोलणारे तरुण, पॅरालिसिसनंतर शब्द हरवलेली माणसं, असे सगळे माझ्याकडे येतात. बावीस वर्षं मी लोकांना बोलायला शिकवते आहे. घरी माझं कुणी ऐकत नाही, तो भाग वेगळा.

बापू औंधच्या अलीकडच्या एका गावचे. तरुणपणी पैलवान आणि नंतर तीस वर्षं कुस्तीच्या मैदानांचे निवेदक. गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांचं मैदान भरतं. आखाड्यात कोण उतरलंय, कुठल्या तालमीचा, कुणाचा नातू, आता कुठला डाव टाकला, हे माइकवरून सगळ्या मैदानाला सांगायचं काम निवेदकाचं. बापू बोलायला लागले की नुसतं ऐकणाऱ्याला घाम फुटायचा म्हणतात.

मग घशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला.

अशा ऑपरेशननंतर माणूस नाकाने श्वास घेत नाही. गळ्याला पुढून एक छिद्र ठेवलेलं असतं, त्यातून घेतो. बापूंना ऑपरेशनच्या वेळीच आतून एक व्हॉल्व्ह बसवला होता. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या पडद्यात बसणारी ही सिलिकॉनची बारकी झडप. बोलताना गळ्याचं छिद्र अंगठ्याने बंद करायचं. मग आतली हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते, तिथलं अस्तर थरथरतं आणि आवाज होतो. जाडा, घोगरा, पण आवाज. सराव केला तर माणूस त्यावर छान गप्पा मारतो.

बापूंनी पहिल्याच दिवशी अंगठा लावला, "आ" म्हटलं, आणि जो आवाज आला तो ऐकून अंगठा काढून घेतला. पिशवीतून पाटी काढली आणि लिहिलं, "रेडं वरडतंय." त्यानंतर चार महिने त्यांनी गळ्याला हात लावला नाही. मी समजावलं, रागावले, शेवटी थकले. आणि तेव्हा मला एआयची आठवण झाली.

आता असं अ‍ॅप मिळतं, की माणसाच्या जुन्या आवाजाचं रेकॉर्डिंग त्याला दिलं की ते तो आवाज शिकतं. मग फोनवर टाइप करायचं आणि फोन त्या आवाजात बोलतो. बापूंच्या मैदानांचे ढीगभर व्हिडिओ सापडले. मी हौसेने सगळे भरले. खरं सांगायचं तर मला सोपी वाट हवी होती.

घोटाळा एवढाच झाला, की सगळं रेकॉर्डिंग मैदानातलं. बापू घरात कसे बोलायचे ते कुणी रेकॉर्ड केलंच नव्हतं. कोण करतं? त्यामुळे फोनला फक्त ललकारी मारता यायची. मीठ मागितलं तरी शेवटची कुस्ती लागल्यासारखं मागायचा. मागे हलगीचा भाससुद्धा व्हायचा.

बापू मात्र खूश होते. टाइप करायचे, ऐकायचे, मिशीत हसायचे. त्यांची बायको शालनताई एवढंच म्हणाल्या, "म्याडम, ह्यो आवाज मैदानाचा हाय. घरात कवा न्हवता." मी ते हसण्यावारी नेलं. ते चुकलंच माझं.

पुढच्या आठवड्यात मला गावच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष संपतराव यांचा फोन आला.

"म्याडम, त्यो बापूंचा आवाज दुसऱ्यानं टाइप केला तर चालतोय का?"

"चालतो की. कुणीही टाइप केलं तरी चालतं."

"मग आमास्नी पेन ड्राइव्हवर द्या. दीड महिन्यावर यात्रा आलीया. मैदानात आमी टाइप करतो. बापूंना कशाला उन्हातान्हात दगदग? निवांत बसू दे फुडल्या रांगेत. आमी शाल घालू की त्येंना."

"हो, बघूया की," मी म्हणाले आणि फोन ठेवला. माणूस मनाने चांगला होता. बापूंवर त्याचं प्रेमच होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आज सांगतानाही कसंसंच होतं.

दोन दिवसांनी अपॉइंटमेंट नसताना बापू आले. फोन बाहेर काढलाच नाही. पाटीवर लिहून पाटी माझ्यासमोर आपटली.

"माझा आवाज कमिटीला देनार हाय व्हय?"

मी सारवासारव करायला लागले. त्यांनी पुसून परत लिहिलं. खडू मोडला, तुकड्याने लिहिलं.

"मंग मी काय करू? फुडं बसून मलाच ऐकू?"

तीस वर्षं ज्या जागेवर हा माणूस उभा राहिला, तिथून त्याला उठवायची सोय मीच करून ठेवली होती. आवाज परत आणून दिला म्हणून पाठ थोपटून घेत होते, आणि प्रत्यक्षात माणूस बाजूला ठेवून आवाज तेवढा नेण्याजोगा केला होता. मला माझी लाज वाटली. आणि लाज वाटली की मला राग येतो.

"मग तुम्ही बोला!" मी म्हणाले. "व्हॉल्व्ह काय शोभेला बसवलाय?"

त्यांनी तोंड वाकडं केलं.

"हो, आवाज घाण आहे. एका दिवसाचा आवाज घाणच असणार. तालमीत पहिल्या दिवशी माती खाल्ली नव्हती का तुम्ही? का आईच्या पोटातून डाव शिकून आला होतात?"

बापू हळूच हसले, गळ्याभोवतीचा रुमाल सोडला आणि खुर्ची पुढे ओढली.

पहिला अर्धा तास नुसती हवा सुटत होती. अंगठा नीट बसला नाही की छिद्रातून फुसकन आवाज होतो. "दाबू नका, नुसता टेकवा," मी सांगत होते. मग "आ" आला. रेडाच ओरडला, पण यावेळी बापूंनी अंगठा काढला नाही. परत आ. परत. मग मी म्हटलं, "आता एक शब्द म्हणा. रोजच्या तोंडातला."

बापूंनी श्वास घेतला, अंगठा टेकवला आणि म्हणाले, "आगं!"

"आलेऽऽ!" बाहेर बाकावरून शालनताई ओरडल्या. हातातली पिशवी सावरत आत आल्या. "काय पायजे?"

आणि मग जागच्या जागी थांबल्या. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे.

"म्याडम, ह्येंनी हाक मारली?"

"दुसरं कोण मारणार?"

फोन "आगं" म्हणाला की त्या आधी फोन कुठे ठेवलाय ते बघायच्या. या वेळी काही बघितलं नव्हतं. आवाज कसा आहे हे कळायच्या आत उत्तर देऊन मोकळ्या झाल्या होत्या. खाली बसल्या, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सात म्हैन्यानं हाक मारली, आन् काम काय त्ये सांगंनात."

बापूंनी अंगठा लावला. "चा."

मी त्या दिवशी तिघांना चहा मागवला.

त्यानंतर सहा आठवडे आठवड्यातून तीनदा बापू औंधहून विट्यावरून एसटीने सांगलीला यायचे. घरी ओढ्याच्या काठाला जाऊन सराव करायचे. आमच्या भाषेत एका श्वासात किती शब्द निघतात ते मोजतात. बापूंचे आठच्या वर जाईनात. त्यांची मैदानातली वाक्यं मात्र मैलभर लांब. पैलवान, त्याचा वस्ताद, बाप, आजा, आजाने कुणाला कुठे पाडलं होतं ते, सगळं एका दमात.

"वाक्य तोडा," मी म्हटलं. "आजोबा वगळा."

"आजा न्हाई सोडनार," बापू घोगऱ्या आवाजात म्हणाले. "बाप सोडतो."

संपतरावांना मी फोन करून सांगितलं, की आवाज बापूंचा आहे, त्यांना विचारल्याशिवाय मी कुणाला देणार नाही. ते म्हणाले, "आवं, पर बापूंना झेपंल का?" शेवटी असं ठरलं की बापू माइकवर बसतील, पण फोन शेजारी स्पेअर म्हणून राहील आणि सुरुवातीच्या दोन कुस्त्या फोनवर घेऊ. बापूंनी मान डोलावली. कमिटीचं मन मोडायचं नव्हतं त्यांना.

यात्रेच्या दिवशी मीही गेले. आयुष्यात पहिल्यांदा कुस्तीचं मैदान बघत होते. टेकडीच्या उतारावर माणसंच माणसं. पहिली जोडी आखाड्यात उतरली. संपतराव चष्मा लावून एका बोटाने टाइप करत होते. कर्ण्यातून बापूंचा तो जुना, दणदणीत आवाज आला, "खडाखडी सुरू झालीऽऽ!"

खडाखडी म्हणजे सुरुवातीची झटापट. तोवर एक पैलवान चितपट झाला होता आणि दुसऱ्याला त्याच्या गाववाल्यांनी खांद्यावर घेतलं होतं.

मैदान खो खो हसलं. दुसऱ्या कुस्तीला संपतरावांनी आधीच टाइप करून ठेवलं, "निळ्या लांगेवाल्याने मारली!" आणि मारली लाल लांगेवाल्याने. लोकांनी शिट्ट्या मारल्या. "बापू कुटं हाय रं? बापूला द्या की माइक!" कुणीतरी ओरडलं.

बापू उठले. उजव्या हातात माइक घेतला, डाव्या हाताचा अंगठा गळ्याला लावला.

"पावनं," बापू म्हणाले. "आवाज फाटलाय. जरा कान द्या."

आधी कुजबुज झाली. एक पोरगं फिदीफिदी हसलं, त्याला बापाने टपली मारली. मग सगळे गप्प होत गेले. बापूंचा आवाज आता गलक्यावर चढू शकत नव्हता, त्यामुळे ऐकायचं तर गप्प बसणं भाग होतं. भुईमुगाच्या शेंगा विकणाऱ्यालाही लोकांनी गप्प केलं. पुढची जोडी उतरली. बापू श्वास घेत, थांबत, एकेक डाव सांगत होते. आखाड्यातल्या मातीवर पाय घासल्याचा आवाज मला माझ्या जागेवर ऐकू येत होता. तीस वर्षांत असं शांत मैदान बघितलं नाही, असं शेजारचे म्हातारबाबा मला म्हणाले.

मी सवयीने बोटांवर शब्द मोजत होते. एका श्वासात अकरा शब्द. त्यात आजोबासुद्धा होते. मला रडू आलं, लपवत नाही.

मैदान संपल्यावर संपतराव घाम पुसत आमच्याकडे आले. चेहरा नुसता फुलला होता.

"म्याडम, ह्यो आवाज तर लय भारी! पोरं म्हनत्यात असा निवेदक कुटं ऐकला न्हाई. आता ह्याची फाइल करून देता का?"

मी काही बोलायच्या आत बापूंनी अंगठा लावला. "आदी मला मरू दे."

सगळ्यात मोठ्याने शालनताई हसल्या.

बापू आता पुन्हा मैदानं घेतात. एआयवर माझा राग नाही. व्हॉल्व्ह खराब झाला की बदलेपर्यंत बापू फोनवरच बोलतात. एरवी तो दणदणीत आवाज त्यांच्या मक्याच्या रानात कर्ण्यावर लावलेला असतो, रानडुकरं पळतात. पण मी एक सुधारणा केली. कुणी आवाज करून घ्यायला आलं की भरून घ्यायच्या फॉर्ममध्ये मी एक प्रश्न वाढवला: हा आवाज कोण वापरणार? पहिला फॉर्म बापूंचा, मागाहून भरून घेतला. त्यांनी उत्तरात तीनच शब्द लिहिले.

"ज्याचा हाय त्यो."