डोळे भरणारे मामा

डॉक्टर बोलतात तेव्हा तुम्ही मान डोलावता, ती कळलं म्हणून, की लवकर सुटका व्हावी म्हणून?

रोपवाटिकेतल्या मामांनीही अशीच मान डोलावली. गुलाबाचे डोळे भरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एका झाडाच्या सालीवरचा डोळा, म्हणजे कोंब, अलगद काढून दुसऱ्याच्या खुंटात बसवायचा, हेच त्यांचं कलम. उभा जन्म उन्हाधुळीत गेला आणि डाव्या डोळ्यात नाकाकडून मांस वाढलं. कापून काढलं, तर पुन्हा आलं, आधीपेक्षा जाड.

डॉक्टरीणबाई त्यांना समजेल असं बोलायला गेल्या. "मामा, या वेळी नुसतं काढून भागणार नाही. तिथे कलम लावू. मग सहसा परत येत नाही."

झालं! मामांच्या हिशेबी कलम म्हणजे खुंट एकाचा, डोळा दुसऱ्याचा. म्हणजे परक्याचं मांस, बहुधा मेलेल्याचं. पण विचारायला जीभ रेटेना. जगाला कलम शिकवणाऱ्याने कलम म्हणजे काय हे विचारायचं? बाहेर रांग होती, बाईंनीही खोदून विचारलं नाही. मामांनी दुसरीकडे जाऊन नुसतं कापून घेतलं.

मामी चिडवायच्या, "झाडांची लग्नं लावता, स्वतःच्या वेळी बरे मांडवातून पळालात!"

मांस परत आलं, थेट बाहुलीपर्यंत. सुरीचा काप वाकडा जाऊ लागला, भरलेले डोळे सुकू लागले. मालकाने मामांच्या हाती झारी दिली.

तेव्हा मामी सोबत गेल्या आणि बाईंना सरळच विचारलं, "तुकडा कोणाचा घेता?"

"यांचाच. याच डोळ्यातला, वरच्या पापणीखालचा. तिथलं भरून येतं."

मामा म्हणाले, "आपलाच होय."

कलम लावलं, धरलंही. पण बुबुळावर पडलेला डाग राहिला तो राहिलाच. बारीक काम सुटलं.

"या डोळ्याने मी तरी दिसते ना?" मामी विचारतात.

"धूसर दिसतेस, म्हणून तर बरी दिसतेस."

दोघं हसतात, पण शेजारी कोणी डोळा भरायला बसलं की मामा उठून जातात.

त्यांना अडाणी म्हणायची घाई नको. शब्द अनोळखी असता तर त्यांनी विचारलं असतं. ओळखीचा निघाला, तिथेच घात झाला. म्हणून डॉक्टरांचा शब्द फार ओळखीचा वाटला, तर खुर्चीवरून उठू नका. याचा अर्थ काय, हे विचारा. बाहेरची रांग थांबेल.