बिभीषणमामांच्या दारातली राख

प्रवरेकाठच्या आमच्या गावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं काम बिभीषणमामांचं, आणि गावाचा इतिहास बिघडवायचं कामही त्यांचंच. मोटर खोलली की थापा सुरू. "अवो, या गावात पहिली चूल पेटली ती तुमच्या वरच्या आळीत!" लगेच आतून चहा यायचा. दुपारी खालच्या पेठेत दुसरी मोटर, चूल मात्र तीच. तिथंही चहा.

मामा स्वतः राहायचे वेशीबाहेर, नदीकाठच्या वस्तीत. जत्रेची पालखी वेशीपासूनच माघारी फिरायची. "लगीन करून आले तवापासून दारात पालखी न्हाई टेकली," हे त्यांच्या बायकोचं, लंकाबाईंचं, ताट वाढतानाचं ठरलेलं वाक्य. मामा भाकरी मोडायचे. त्यावर त्यांच्याकडं एकही थाप नव्हती.

औंदा पंचांनी नको ती अक्कल पाजळली. म्हणे, सगळ्यात जुन्या आळीला पालखीचा पहिला मान. झालं! वरची आळी म्हणे आम्ही, खालची पेठ म्हणे आम्ही, आणि दोघांचा साक्षीदार एकच. मामांना हातातल्या पान्यासकट उचलून देवळापुढं उभं केलं. निम्मी पोरं बाह्या सरसावून, निम्मी मोबाईल धरून. मी म्हटलं, संपला आता हा बाबा!

मामांनी घाम पुसला. "आधी नदी हुती का गाव?"

"नदी," पंच म्हणाले.

"मंग पहिली चूल नदीजवळ पेटंल का हितं? माझ्या घराचा पाया खनताना तिची राख निघाली हाय! आधी तिकडं न्या पालखी. मंग तुमी दोगं चिठ्ठ्या टाका."

समोरच्याला मान मिळण्यापेक्षा तिसऱ्याला गेलेला बरा, हे आमच्या गावाचं पिढीजात शहाणपण. दोन्हीकडून एकदम "व्हय, व्हय!" झालं.

संध्याकाळी पालखी पहिल्यांदा वेशीबाहेर पडली आणि मामांच्या दारात टेकली. लंकाबाई पालखीकडंच बघत काड्या ओढत राहिल्या, आरतीची वात काही पेटेना. शेवटी मामांनीच काडी ओढली.

"राख निघाली हुती, तर इतकी वर्सं बोलला का न्हाई वो?" बाई रडत रडत खेकसल्या.

"हळू बोल," मामा कुजबुजले. "थाप हाय ती."

लंकाबाईंनी डोळे पुसले, पालखीवर डोकं टेकवलं. "आता न्हाई," त्या म्हणाल्या. "आता ती खरी."