वानखडे काकांची साहेबी

वानखडे काका निरीक्षक म्हणूनच गेले.

काल पहाटे, झोपेत. आज आम्ही अख्खं ऑफिस त्यांच्या गावी, रिठदला जाऊन त्यांना निरोप देऊन आलो.

वाशिमच्या जीएसटी ऑफिसात मी जॉईन झाले, त्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे जिलबी ठेवली.

"कशाबद्दल काका?"

"आकृतीबंध येऊन राह्यला पोरी! पदं वाढतीन. यंदा आपन अधिकारी!"

"ऑर्डर आली?"

"ते येईन सावकाश. जिलबी थंडी होते, खाय."

प्रमोशन झालं की पार्टी, हा सगळ्या ऑफिसांचा नियम. काकांचा नियम वेगळा. प्रमोशनची नुसती अफवा आली तरी पार्टी!

ग्रुपवर नव्या आकृतीबंधाची, म्हणजे कुठे किती पदं याची पीडीएफ फिरली की आम्हीच ओरडायचो, "काका, जिलबी!" काय टिंगल केली आम्ही त्यांची. तेही हसायचे.

पण एक पुडा वेगळा बांधून घ्यायचे. रिठदला माईसाठी, म्हणजे त्यांच्या आईसाठी. ती दर वेळी विचारायची, "झाला का रे साहेब?"

मागच्या वर्षी खरंच झालं. आकृतीबंध मंजूर, काकांचं प्रमोशन, पोस्टिंग थेट कोकणात.

माई रिठदला एकटी. वांग्याचं वावर सोडून ती वाशिमलासुद्धा राहायला येत नव्हती, कोकण तर लांबच.

काकांनी प्रमोशनला नकार लिहून दिला.

मी भांडलेच. "इतकी वर्षं कायले वाट पाहिली मग?"

"हळू बोल. माईले सांगतलं म्या, झालो साहेब. वाशिमातच खुर्ची भेटली म्हनून."

"खोटं सांगितलं?"

"मंग काय करू? खरं सांगतलं तं म्हनीन, माह्यापायी पोराची साहेबी गेली. जेवाची नाई ते."

आणि समोर जिलबी ठेवली. त्या दिवशी मी ती खाल्ली नाही.

आज त्रिशरण-पंचशील झालं. माई ओट्यावर बसली होती. आमच्याकडे बघत म्हणाली, "तुमी समदे माह्या सायबाच्या हाताखालचे काय?"



आमचे अधिकारी सर पुण्याचे, वयाने काकांच्या मुलासारखे. ते पुढे झाले आणि माईच्या पायाशी खाली बसले.

"हो माई. आम्ही सगळे त्यांच्याच हाताखालचे."

"लय रागवे का तुमच्यावर?"

"कधीच नाही," सर म्हणाले.

काका, झालात बरं तुम्ही. सगळ्यांसमोर झालात.

जयभीम, साहेब.